मेल ‘आला’ की ‘आली’?

मला एक वाईट खोड आहे. समोरचा बोलत असतो आणि मी त्याच्या चुका वेचत असते. आई मराठीची शिक्षिका, त्यामुळे हे दुखणं घरातूनच आलेलं.

गेल्या महिन्यात लंचला आमच्या टीममधला नवा मुलगा म्हणाला, “जरा पानी दे ना.” जळगावकडचा आहे. मी बाटली दिली, वर ‘ण’सुद्धा दिला. “पाणी रे, पाणी!” सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला.

टोचलं. आणि नेमका तेव्हाच लोकलमध्ये वाचत होते सेक्स्टस एम्पिरिकस. साधारण १८०० वर्षांपूर्वीचा हा ग्रीक संशयवादी, पेशाने वैद्य. ‘तुम्हाला हे नक्की कशावरून कळलं?’ असं भल्याभल्यांना विचारणं हाच त्याचा उद्योग. व्याकरणपंडितांची खबर घ्यायला तर त्याने अख्खं पुस्तक लिहिलंय.

लिहिता-वाचता येण्याला त्याचा विरोध नाही हं. ते फार उपयोगाचं, असंच तो म्हणतो. भांडण आहे ते ‘शुद्ध ग्रीक आम्ही ठरवणार’ म्हणणाऱ्यांशी. तो विचारतो, तुमचे नियम आले कुठून? लोकांच्या बोलण्यातूनच ना? मग लोकांचंच ऐकू की सरळ! रांजणाला काही ग्रीक पुल्लिंगी म्हणत, काही स्त्रीलिंगी. लिंग निसर्गानेच ठरवलं असतं, तर सगळ्यांसाठी एकच नसतं का? मला आपली तंबाखू आठवली. कुणाचा ‘तो’, कुणाची ‘ती’. आणि मेल ‘आला’ की ‘आली’, यावरून तर आमच्या ऑफिसात दोन तट आहेत!

त्याचा नाण्याचा दाखला मला फार आवडला. गावात चालतं ते नाणं वापरलं, की व्यवहार अडत नाही. तिथे स्वतःचं नवं नाणं पाडून फिरणारा मूर्ख ठरतो. भाषेचंही तसंच. विद्वानांत त्यांचा शब्द वापरा. घरच्या नोकराकडे पावाची टोपली मागताना मात्र त्याला कळतो तोच शब्द वापरा, अस्सल ग्रीक नसला तरी.

इथे मी अडले. आमच्या लंच टेबलावर नाणं कुणाचं? पुण्याचं की जळगावचं? मी मनातल्या मनात पुण्याची बाजू लढवून पाहिली. मग लक्षात आलं, त्याचं नाणं तर चाललंच होतं. तो ‘पानी’ म्हणाला आणि मी बाटली उचलून दिली. व्यवहार तिथेच पूर्ण झाला होता. पुढचा ‘ण’ कुणीच मागितला नव्हता.

परवा त्याला गाठून म्हटलं, “सॉरी यार, त्या दिवशी उगाच बोलले.”

“इट्स ओके,” तो म्हणाला.

अजून इंग्रजीतच. वाट बघतेय.