झोपलेला लॅपटॉप आणि बाबांची वही

"अगं, काल रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही," बाबा फोनवर म्हणाले. मागून आजीचा घाबरलेला आवाज आला, "कोण रे? कोण उठलं नाही?"

"लॅपटॉप, आई, लॅपटॉप."

"मग नीट सांगावं ना! माझ्या छातीत धस्स झालं."

मी पुण्यात, ऑफिसला निघायच्या गडबडीत. बाबा ग्वाल्हेरला, लष्करातल्या आमच्या जुन्या घरात. तो लॅपटॉप आठवडाभरापूर्वी मीच उघडून, जुनी डिस्क काढून त्यात नवी बसवली होती. त्यामुळे दोष कोणाच्या माथी जाणार हे मला ठाऊक होतं. तरी मी तो बाबांच्या माथी मारला. ही गोष्ट त्याचीच आहे.

लॅपटॉप २०१३ सालचा. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असा एक असतो. फेकवत नाही आणि वापरवतही नाही. आमच्याकडे न फेकण्याला कारण होतं. माझे आजोबा माधव संगीत महाविद्यालयात शिकले. भातखंडे यांनी १९१८ मध्ये सुरू केलेलं ते कॉलेज ग्वाल्हेरकरांना नव्याने सांगायला नको. पुढे आजोबा घरीच शिकवण्या करत आणि शिकवताना कधी कधी टेपरेकॉर्डर चालू ठेवत. त्या ३७ कॅसेट. एजी ऑफिसातून निवृत्त झाल्यावर बाबांनी दोन हिवाळे खपून, जुना टेप वायरने लॅपटॉपला जोडून, त्या सगळ्या त्यात उतरवल्या. कॅसेटींना बुरशी लागली होती, काहींची फीत तुटत होती. काम झाल्यावर बाबांनी त्या टाकून दिल्या. शिवाय आजोबांच्या हस्तलिखितातल्या बंदिशी बाबा त्याच लॅपटॉपवर टाइप करत होते. तेही एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये, जो दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर धड उघडत नाही.

आणि या सगळ्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये तानसेन समारोहाच्या सुमारास मी झेलमने घरी आले. धुक्यामुळे गाडीला उशीर झाला होता. घरात शिरले तर बाबांनी 'आधी हे ऐक' म्हणून मला लॅपटॉपजवळ नेलं. आतून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता. जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते, आमच्या डिस्कमधली मिनिटाला ५४०० वेळा, आणि तिच्यावरून एक बारीक काटा सरकत असतो. तो काटा जागा शोधताना चुकायला लागला की असा आवाज येतो. लॅपटॉप चालू व्हायला चार मिनिटं लागत होती, पण ते दुखणं किरकोळ. खरं दुखणं त्या टक्-टक्चं होतं.

मी पहिल्यांदा काही उघडलं नाही. आधी बाहेरच्या ड्राइव्हवर आजोबांची रेकॉर्डिंग्ज उतरवून घेतली. रात्र गेली. ३६ कॅसेटी पूर्ण आल्या. तेविसाव्या कॅसेटची दुसरी बाजू अर्ध्यावर येऊन थांबली. तीनदा प्रयत्न केला, थांबली ती तिथेच. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं : '२३ ब – अपूर्ण.'

दुसऱ्या दिवशी जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवलं. त्या जुन्या फॉन्टमुळे विंडोज नव्याने टाकणं शक्य नव्हतं. लॅपटॉपचं पोट उघडलं तर बॅटरी फुगून पापडासारखी झालेली. फुगलेली बॅटरी आत ठेवणं धोक्याचं, म्हणून ती काढून टाकली. (अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.) लॅपटॉप आता नुसत्या चार्जरवर चालणार होता. तसाही तो टेबलावरून कधी हलत नव्हता.

चालू केला तर पंचवीस सेकंदांत तयार! आजी म्हणाली, "एवढ्यात? माझा चहासुद्धा गाळून झाला नाही."

पहिली अडचण त्याच संध्याकाळी आली. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, म्हणजे 'स्लीप'मध्ये जातो. तेव्हा फक्त मेमरीला थोडीशी वीज मिळत राहते, बाकी सगळं विश्रांती घेतं. झाकण उघडलं तर दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच. मी दोन संशयित धरले. एक, डिस्कशी बोलणारा जुना ड्रायव्हर, जो २०१३ पासून कोणी बदलला नव्हता. दुसरा, नव्या डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर. वीज वाचवायला ड्रायव्हर डिस्कलाही डुलकी घ्यायला सांगतो. उठवताना दोघांचा मेळ बसला नाही की सगळं गोठतं. मी दोन्ही एकदम बदलणार होते. बाबा म्हणाले, "एकदम दोन नोंदी फिरवल्यास तर चूक कुठली होती ते कसं कळेल?" म्हणून आधी ड्रायव्हर बदलला. फरक नाही. मग फर्मवेअर. लॅपटॉप शहाण्यासारखा उठला. दहा वेळा झोपवला, दहा वेळा उठला. गजकाचा डबा घेऊन मी समाधानाने पुण्याला परतले.

आणि तिसऱ्याच दिवशी तो वरचा फोन.

या वेळी पडदा काळा नव्हता. 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश होता. व्हिडिओ कॉलवर मी बाबांना एफ-टू दाबून सेटिंगमध्ये नेलं. तिथे 'बूट मोड' हा 'युईएफआय' झाला होता. आमची डिस्क जुन्या, म्हणजे 'लेगसी' पद्धतीची.

हे थोडं समजावून सांगते. विंडोज ८ च्या काळातले लॅपटॉप डिस्कवरची विंडोज दोन रीतींनी शोधू शकत. कारखान्यातून ते युईएफआय या नव्या रीतीवर ठरवून येत. पण आमच्या लॅपटॉपमध्ये घेताना विंडोज ७ जुन्या रीतीने टाकून घेतलं होतं, आणि पुढे त्यावरच विंडोज १० चढलं. आजोबांना पत्रं यायची ती नुसतं आडनाव आणि 'लष्कर, ग्वाल्हेर' एवढ्या पत्त्यावर. जुना पोस्टमन बरोबर आणून द्यायचा. नवा पोस्टमन घरनंबर मागणार, आणि तो नसेल तर पत्र परत! पत्र खरं, घरही खरं, फक्त शोधायची रीत वेगळी. तसंच हे.

बाबांनी मोड बदलून 'लेगसी' केला, लॅपटॉप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. सेटिंग परत युईएफआयवर.

"बाबा, एफ-टेन दाबलं नसेल तुम्ही. दाबल्याशिवाय सेव्ह होत नाही."

"दाबलं होतं."

"मग 'यस' केलं नसेल."

तिसऱ्या दिवशीही तेच झालं आणि मी जरा चिडूनच बोलले, "बाबा, प्लीज नीट बघून करा ना." बाबा शांतपणे "बरं" म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दरम्यान एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला होता : नवी डिस्क खराब, फॉरमॅट मारावं लागेल. फॉरमॅट म्हणजे तो फॉन्ट गेला. बाबांनी त्याला येऊ दिलं नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "वेळ आहे का? वाचून दाखवतो." ३४ वर्षं हिशेब तपासलेल्या माणसाने पानावर रकाने आखले होते : कधी बंद केला, कधी उघडला, उठला की नाही, शेरा. सेटिंग बदलल्यावर एफ-टेन दाबलं त्याची रोजची वेळसुद्धा लिहिली होती, आणि शेजारी साक्षीदार म्हणून आजीची सही! मी हसले, आणि लगेच ओशाळलेही.

मग ते वाचत गेले. दिवसा झाकण लावलं, उघडलं : उठला. दुपारी तीन तास : उठला. रात्री : नाही. रात्री : नाही. रविवारी दुपारी मात्र नाही. शेरा : १:२० ते १:५५ लाइट गेली होती. आणि गुरुवारी रात्री ठेवलेला शुक्रवारी सकाळी उठला. शेरा : मी लग्नाला गेलो होतो, घरी आई एकटीच.

"बाबा, रात्री झोपताना तुम्ही काय करता?"

"काय करणार? कुलूप लावतो, गॅस बघतो, सगळे स्विच बंद करतो."

"टेबलाजवळचा पण?"

"अर्थात. रात्रभर चार्जर का चालू ठेवायचा?"

"आणि गुरुवारी?"

मागून आजी म्हणाली, "मला तो खालचा स्विच वाकून बंद करवत नाही."

तेवढ्यात बाबांनी शेवटचा शेरा वाचला, "आणखी एक. रोज सकाळी सुरू झाल्यावर घड्याळात १ जानेवारी २०१२ असते. इंटरनेटवरची पानंही तेव्हा उघडत नाहीत, सुरक्षित नाही म्हणतात. थोड्या वेळाने तारीख आपोआप सुधारते."

कोडं सुटलं. लॅपटॉपच्या पोटात घड्याळासारखा एक छोटा सेल असतो, सीआर २०३२. २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. बाकी सगळी वीज गेली तरी तारीख आणि ही मूळ सेटिंग्ज लक्षात ठेवायचं काम त्याचं. आमचा सेल दहा वर्षांचा, बहुधा केव्हाच संपलेला. पण आतापर्यंत फुगलेल्या का होईना, मोठ्या बॅटरीने त्याची लाज राखली होती. ती मी काढली. मी ग्वाल्हेरला होते तोवर रात्री उशिरापर्यंत काम करत असल्याने तो स्विच कधी बंदच झाला नाही. मी गेल्यावर बाबांची रोजची शिस्त पुन्हा सुरू झाली. स्विच बंद झाला की स्लीपमधली मेमरीही गेली आणि सेटिंगही गेली. सकाळी लॅपटॉपला तारीखही आठवेना आणि डिस्क कुठल्या रीतीने शोधायची तेही. नवी डिस्क बिचारी निर्दोष होती. आणि बाबाही.

मला वाटलं, झालं. पण बाबा म्हणाले, "ताळा दोन्ही बाजूंनी जुळला पाहिजे." तीन रात्री स्विच चालू ठेवला, तिन्ही सकाळी उठला. चौथ्या रात्री मुद्दाम बंद केला, नाही उठला. मग स्विचवर कागद चिकटला : 'बंद करू नये. – हुकुमावरून.'

होळीला घरी गेले तेव्हा सेल बदलला. लॅपटॉपमध्ये तो बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या वेष्टनात, दोन बारीक वायरींसह येतो. साध्या सेलवर स्वतः डाग देऊ नका, उष्णतेने तो फुटू शकतो. वायरीसकट तयारच घ्या. जुना मल्टीमीटरवर एक व्होल्टही दाखवत नव्हता, नवा ३ व्होल्टचा. शिवाय, सगळ्याची पुन्हा एक प्रत काढून, विंडोज १० मध्येच असलेल्या 'एमबीआर-टू-जीपीटी' या सोयीने डिस्क नव्या रीतीची करून घेतली. आधी नुसती तपासणी करायची, ती पास झाली तरच बदल. आता उद्या सेल पुन्हा संपला, तरी लॅपटॉप आपल्या मूळ सवयीने शोधायला जाईल आणि त्याला घर सापडेल.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून त्या लॅपटॉपचं वायफाय आम्ही बंद ठेवलं आहे. टाइप करायला आणि आजोबांना ऐकायला इंटरनेट लागत नाही. जुनी डिस्कही पुसलेली नाही, कपाटात आहे. रेकॉर्डिंग्जच्या आता तीन प्रती आहेत : लॅपटॉपवर, बाहेरच्या ड्राइव्हवर आणि माझ्याकडे पुण्यात.

आपल्या पिढीतले बरेच जण सुट्टीत घरी गेलो की आईबाबांच्या मोबाइल-लॅपटॉपचे डॉक्टर होतो आणि दूर गेलो की फोनवरचे. तिथे पहिला प्रश्न आपल्या तोंडी येतो, 'तुम्ही काय दाबलंत?' मी तोच विचारत राहिले. 'काय काय झालं, पहिल्यापासून सांगा,' असं विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी तारखेची गोष्ट कळली असती. यंत्रातलं मला जास्त कळत होतं. पण यंत्राशेजारी रोज बसलेले ते होते.

बाबांना सॉरी म्हटलं तेव्हा त्यांनी वही उघडून त्या पानाखाली दोन रेघा मारल्या, हिशेब पूर्ण झाल्यावर मारतात तशा. मग मागचं पान उलटलं. तिथे '२३ ब – अपूर्ण' तसंच होतं. त्याखाली रेघ नव्हती.

"ही राहू दे," ते म्हणाले. "आजोबांच्या कुणा विद्यार्थ्याकडे असेल प्रत. विचारून बघतो."