उसनी चाल

पेटीवर पांढरी तीनला षड्ज धरावा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वर जावं; भैरवी थाटाचे सूर मिळतात. चौल-रेवदंड्याच्या भजनात पेटी वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण रात्रीच्या भजनाची सांगता भैरवीनेच व्हायची. अशाच एका बुवांच्या कानावर जर्मन संगीतकार बाखचं, ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूची कथा गाणारं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पडलं, तेव्हा भाषेची अडचण झालीच नाही. त्यांनी सरळ पेटी पुढे ओढली: सा, मध्यम, कोमल गंधार, कोमल रिषभ, सा, खालचा कोमल निषाद, सा. “ही चाल तर आपलीच!”

तशी ती बाखचीही नव्हे. हान्स लिओ हास्लरने 1601 मध्ये ती छापली, ती एका मुलीपायी जीव वेडापिसा झालेल्याच्या गाण्यासाठी. मूळची लय चांगली उड्या मारणारी. पुढे योहान क्र्यूगरने ती सरळ, संथ करून ख्रिस्ताच्या जखमी मस्तकावरच्या भक्तिगीताला लावली. बाखने 1727 च्या ‘पॅशन’मध्ये ती पाच वेळा घेतली, आणि 1973 मध्ये अमेरिकन गायक पॉल सायमनने तीच थकल्याभागल्या अमेरिकेच्या गाण्याला वापरली. ज्ञानोबांच्या विराण्यांत प्रेयसीची तळमळ विठ्ठलासाठी येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटायचं नाही.

बुवांना भावली ती बाखची साथ. चाल तीच, पण दर वेळी खालचे सूर वेगळे. ख्रिस्ताने प्राण सोडल्यावर ती शेवटची येते, तेव्हा त्या सुरांत असा काही अंधार भरतो की ओळखीची चाल परकी वाटावी. आपल्याकडे हे काम गळ्यावर पडतं. पेटीवर मींड निघत नाही. म्हणून हुंदका गायकाने द्यायचा आणि पेटीने त्या जागी गप्प राहायचं. नेमकी तिथेच हौशी वादकाची बोटं वळवळतात.

उसनवारी रायगडच्या किनाऱ्यालाही नवी नाही. नवगावला गलबत फुटून आलो असं सांगणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या इथल्या ‘शनिवार तेल्यां’नी, एकोणिसाव्या शतकात हरिकीर्तनाचा घाट उचलला आणि बायबलातली आख्यानं मराठीत उभी केली. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागचं सिनेगॉग आहे, कीर्तन ऐकायला फारशी माणसं नाहीत.

त्या कीर्तनांच्या छापील पुस्तिका मात्र निघाल्या होत्या. इथल्या भजनी मंडळांपैकी कुणाच्या हाती एखादी लागलीच, तर कपाटात ठेवू नका. पेटीवर लावून बघा.