तात्कालिक कारण

‘पहिल्या महायुद्धाची कारणे स्पष्ट करा.’ शाळेत हा प्रश्न पाच गुणांना होता, आता बी.ए.ला दहा गुणांना आहे. उत्तर मात्र तेच. साम्राज्यवाद, लष्करवाद, संकुचित राष्ट्रवाद, गुप्त करार आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित करून, ‘तात्कालिक कारण’ म्हणजे साराजेव्होचा खून. माझा मुख्य विषय मराठी साहित्य, इतिहास जोडीला घेतलेला. त्यामुळे तीन वाद, एक करार आणि एक खून पाठ केला की सुटलो, असंच मी धरून चालले होते.

यावेळी अभ्यास करताना एका तारखेपाशी अडकले. खून झाला २८ जून १९१४ ला. ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मध्ये ३७ दिवस आहेत. ‘ठिणगी पडली आणि भडका उडाला’ हे वाक्य आपण सगळेच उत्तरात लिहितो, पण ३७ दिवस जळत राहणारी ही कसली ठिणगी?

खुनाची गोष्ट तर एखाद्या कथाकाराने लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, फारच योगायोग घातलेत. गोळी झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सकाळी त्याच्या साथीदाराने फेकलेल्या बॉम्बमधून आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड वाचला होता. नंतर त्याची मोटार चुकीच्या रस्त्याला वळली आणि नेमकी प्रिन्सिपच्या समोर येऊन थांबली. आर्चड्यूक आणि त्याची पत्नी सोफी, दोघंही गेली. यातली खरी थट्टा पुढेच आहे. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड ‘सर्बियावर चाल करूया’ असं वर्षानुवर्षं टुमणं लावून बसला होता आणि त्याला विरोध करणाऱ्यांत हाच फर्डिनांड पुढे होता. युद्ध नको म्हणणारा माणूस मेला आणि त्याच्याच नावाने युद्ध झालं.

मग मूळ कारण कुठे शोधायचं? आमचे सर १८७१ पासून सुरुवात करतात, ते बरोबरच आहे. प्रशियाने फ्रान्सला हरवलं, व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा केली आणि आल्सास-लोरेन काढून घेतलं. घरात घुसून केलेला असा अपमान कोण विसरेल? बिस्मार्क होता तोवर त्याने फ्रान्सला एकटं पाडून ठेवलं. १८९० मध्ये तो गेला आणि रशियाशी असलेला करार जर्मनीने पुढे चालवला नाही. चारच वर्षांत फ्रान्स आणि रशिया एकत्र आले. १९०४ ला ब्रिटन फ्रान्सच्या जवळ सरकलं, १९०७ ला रशियाच्या. यातला प्रत्येक करार करणाऱ्याने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी केला होता. बर्लिनमधून पाहणाऱ्याला मात्र तो वेढा दिसत होता. आरमाराचंही तेच. जर्मनीने १८९८ पासून जहाजं बांधायला घेतली ती आपण मोठे झालो हे दाखवायला. ब्रिटनचं धान्य समुद्रावरून यायचं, त्यामुळे त्यांना ती जहाजं आपल्या ताटावर आल्यासारखी वाटली. मग १९०६ ला त्यांनी ड्रेडनॉट बांधली आणि शर्यत आणखी वाढली.

बाजारपेठांसाठी युद्ध झालं, हे नोट्समधलं वाक्य मात्र मला तितकंसं पटत नाही. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. नॉर्मन एंजेलने तर ‘द ग्रेट इल्यूजन’मध्ये हिशेबच मांडला होता की आता युद्ध जिंकणाऱ्यालाही परवडणार नाही. पुस्तक खूप खपलं. युद्ध व्हायचं ते झालंच.

मला जे कारण सापडलं ते भीती. तीही एका खास प्रकारची: काळ आपल्या विरुद्ध चाललाय ही भीती. रशिया सैन्य वाढवत होता, फ्रान्सच्या कर्जातून रेल्वे टाकत होता, आणि १९१७ पर्यंत त्याची तयारी पूर्ण होणार होती. जर्मन सेनाप्रमुख मोल्टके डिसेंबर १९१२ मध्येच कैसरसमोर म्हणाला होता की युद्ध टळणार नाही, तर मग जितकं लवकर तितकं बरं. ऑस्ट्रियाला वाटत होतं, बाल्कन युद्धांत सर्बिया जवळजवळ दुपटीने वाढलाय, आज दाबला नाही तर आपलंच साम्राज्य फुटेल. रशियाला वाटत होतं, बोस्नियाच्या वेळी आपण मान खाली घातली, आता पुन्हा घातली तर आपल्याला कुणी विचारणार नाही. फ्रान्सला भीती रशिया सुटून जाण्याची. प्रत्येकाचं म्हणणं एकच, उद्या आपण कमजोर असू.

हे वाचताना मला एकदम मे २०२५ आठवला. माझा मावसभाऊ लष्करात आहे. दादा रजेवर आला होता, बोलावणं आलं आणि त्याच रात्री गेला. पहलगामला २६ माणसं मारली गेली होती, राग खरा होता, माझाही होता. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी काहीतरी फॉरवर्ड केलं आणि मी खाली लिहिलं, ‘एकदाचं होऊनच जाऊ दे!’ पुढे झेंडा. मावशीने ते वाचलं. काही लिहिलं नाही. रविवारी मिस्सानंतर ती मला एवढंच म्हणाली, “बाळा, काय होऊन जाऊ दे म्हणालीस तू?” मला उत्तर देता आलं नाही. त्या चार दिवसांचं बरंवाईट मला इथे ठरवायचं नाही, तेवढी माझी अक्कलही नाही. पण मोल्टकेचं वाक्य वाचलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. ते मी मराठीत टाइप केलेलं होतं.

भीतीसोबत दुसरं काय होतं, तर रेल्वेचं वेळापत्रक. हा भाग मला सगळ्यात भयंकर वाटतो. कैसर आणि झार नात्यातले. शेवटच्या दिवसांत दोघं एकमेकांना इंग्रजीतून तारा पाठवत होते, खाली सही ‘विली’ आणि ‘निकी’. विलीची तार आली म्हणून निकीने २९ जुलैच्या रात्री सैन्याचा पूर्ण जमावाचा हुकूम मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी सेनापतींच्या दबावाखाली पुन्हा दिला. १ ऑगस्टला कैसरला वाटलं, फ्रान्स बाहेर राहील, तर सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवूया. मोल्टके म्हणाला, आता होणार नाही. लाखो माणसांच्या गाड्या मिनिटामिनिटाने ठरल्यात आणि त्या पश्चिमेला जाणार आहेत. जर्मनीची योजना आधी फ्रान्सला हरवायचं आणि मग रशियाकडे वळायचं, अशी होती, म्हणून भांडण पूर्वेला आणि सैन्य बेल्जियममध्ये. बादशहाला आपलं सैन्य थांबवता येईना!

आणि देव? तो सगळ्यांनीच आपल्या बाजूला घेतला होता. प्रशियन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलवर ‘देव आमच्याबरोबर’ असं कोरलेलं असायचं. नाताळला आपण ‘इम्मानुएल’ म्हणतो त्याचा अर्थ हाच. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१४ च्या नाताळात तरी बंदुका थांबवा म्हणून विनवलं, सरकारांनी ऐकलं नाही. १ ऑगस्ट १९१७ ला त्यांनी तहाचा मसुदा पाठवला, तेव्हा दोन्ही बाजूंना वाटलं, हे पलीकडच्यांचे. कॅथलिक फ्रान्सच्या समोर कॅथलिक ऑस्ट्रिया होता, हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

बेळगावात राहून मराठा लाइट इन्फंट्रीचा विचार टाळता येत नाही, रेजिमेंटचं केंद्रच इथे आहे. १९१६ साली मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. घोड्याचं मांस खायची वेळ आली. २९ एप्रिलला सुमारे १३,००० सैनिक तुर्कांना शरण गेले, त्यातले कितीतरी कैदेत मेले. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या त्या पोरांना आल्सास-लोरेन कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मूळ कारणांच्या यादीत त्यांचं एकही कारण नाही. हिंदुस्थानला तर कुणी विचारलंही नव्हतं.

दोष कुणाचा, यावर पुस्तकांचे डोंगर आहेत. व्हर्सायच्या तहाच्या २३१ व्या कलमाने तो जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकला. सही झाली २८ जून १९१९ ला, खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच आपल्या देशाकडे बोट दाखवलं. ख्रिस्तोफर क्लार्कच्या २०१२ च्या ‘द स्लीपवॉकर्स’मध्ये सगळेच झोपेत चालणारे. माझं मत विचाराल तर भीती सगळ्यांना होती, पण ५ जुलैला ऑस्ट्रियाला कोरा चेक बर्लिनने लिहून दिला आणि ४८ तासांची मुदत घालून सर्बियाला खलिता व्हिएन्नाने धाडला. भीती वाटणं आणि सही करणं यात फरक आहे. झोपेत सही होत नाही.

पेपरात मी हे सगळं लिहिलं. ‘तात्कालिक कारण’ अधोरेखित करायला विसरले. दहापैकी सहा मिळाले आणि समासात शेरा, ‘मुद्दे विस्कळीत’. (सर, राग नाही.)

नाताळाला दादा घरी आला होता. नेवऱ्या तळताना मी त्याला गुणांचं सांगितलं, मग मे महिन्यातल्या त्या मेसेजचंही. त्याने तो वाचलाच नव्हता, तिथे फोन बंद असायचे. म्हणाला, “दाखव.” मी मोबाईल काढून वर-वर सरकवत गेले. वाढदिवस, नोव्हेना, लग्नाचे फोटो, आणि मग तो सापडला. दादाने वाचला, फोन परत दिला आणि मम्मीला विचारलं, “सारण संपलं काय गं मावशी?”