बेअरिंगं बदलायचं ठरलं

चालतं इंजिन खोलायचं नाही, हे माझं मत पक्कं होतं. पुण्यात नाना पेठेतल्या मिस्त्र्यांकडून तेच ऐकत वाढलो. बाबांची येझदी इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आणली, तेव्हा तर ते आणखी घट्ट झालं. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तिथे बसवलेली बेअरिंगं काढायची म्हणजे बाबांच्या गाडीतलं काहीतरी कायमचं घालवायचं, असं वाटायचं. कमी चालवावी, झाकून ठेवावी, म्हणजे टिकेल.

या हिवाळ्यात मी क्रँकची दोन्हीकडची बेअरिंगं बदलणार आहे.

रिंगा बघायच्या म्हणून हेड आणि सिलिंडर उतरवलं होतं. क्रँक हाताने अगदी सावकाश फिरवला, तर मधूनमधून जात्यात खडा यावा तशी खरखर बोटांना लागली. इंजिन चालू असताना ती कधीच ऐकू आली नव्हती. बुलेटमध्ये पंप ऑइल फिरवत असतो. येझदीत पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल क्रँककेसमधून जाता जाता बेअरिंगला जे लागेल तेवढंच. गाडी उभी, की तेही बंद. पुण्यातले कितीतरी पावसाळे ती उभीच होती. इथे नोव्हेंबर ते मार्च ओल हटत नाही, शिवाय पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. गोळ्या जिथे टेकून राहतात तिथेच गंज धरतो. त्यात जहाजाचा प्रवास. बेअरिंग न फिरता नुसतं हादरत राहिलं, तरी गोळ्यांखाली रेसवर खळगे पडतात. झाकून ठेवल्याने पत्रा टिकतो, बेअरिंग नाही.

तरीही मन तयार होत नव्हतं. फोनवर दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, बाबांनी स्वतः दोनदा बोअरिंग करून घेतलं होतं. पिस्टन तरी कुठे मूळचा आहे?" खरंच होतं ते. बाबांना ती गाडी कामावर न्यायची असायची, जपून ठेवायची नव्हती. दादाच्या बोलण्याने माझा उरलासुरला विरोध संपला.

क्रँक मात्र प्रेसवर सुटा करणार नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला, जराही प्ले नाही. आडवा थोडा हलतो, तेवढा हलायलाच हवा. फ्लायव्हील पिनवरून काढून पुन्हा बसवली, की डायल गेज लावून क्रँक सरळ करत बसावं लागतं, आणि ते काम जाणणारे हात आता फार थोडे आहेत. धड असलेल्याला हात लावू नये, हे मी अजूनही मानतो.

केसिंग खोलल्यावर ऑइल सीलही नवी घालायची. रबर कडक झालं, की एकीकडून गिअरबॉक्सचं ऑइल आत येऊन धूर होतो. दुसरीकडून हवा शिरली, तर पिस्टन जाम व्हायची भीती. बेअरिंगं सी-३ घेणार, म्हणजे आत किंचित जास्त मोकळीक असलेली, कारण तापलं की सगळंच फुगतं. केसिंग साधारण १०० अंशांपर्यंत तापवायचं, बेअरिंग आधी फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे हातोडा न मारता ते जागेवर बसतं.

बेअरिंगं दादा पुण्याहून पाठवतोय. पाऊस थांबला, की फॉल सिटीवरून स्नोक्वाल्मीच्या धबधब्यापर्यंत गाडी न्यायची आहे. त्यानंतर दर आठवड्याला चालवायची.