छत्रीची दिशा

आमच्या मोहल्ल्यात टीव्हीच्या डिशला आजही छत्रीच म्हणतात. पत्र्यावर, गच्चीवर, टाकीशेजारच्या विटांवर उभ्या असलेल्या फ्री डिशच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. आमचं सोलापूर ७६ अंशांच्या आसपास. तोंड थोडं वळलं तरी पडदा रिकामा.

केबल डिजिटल करण्याची सोलापूरची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्या वेळी हातावर पोट असलेल्या घरांनी हिशेब केला. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, पुढं महिन्याला काही द्यायचं नाही. अशा रीतीनं विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर जाणाऱ्या घरांत फ्री डिश आली. आमच्या उर्दू शाळेतली पुष्कळ मुलं याच घरांतली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. घरात मोबाईल असलाच तर एक, तोही अब्बांच्या खिशात. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ती मराठीत होती, आमची मुलं उर्दूतून शिकणारी. तरी गणिताची आकृती डोळ्यांना कळते, मराठीही कानावर पडेल, म्हणून आम्ही पालकांना ती दाखवायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून निरोप येऊ लागले, "सर, टीव्ही पे कुछ नै आरा."

मग आम्ही दोघं-तिघं शिक्षक मास्क लावून, अंतर राखून घरोघर गेलो. मेकॅनिक बोलवायला तेव्हा पैसे कुणाकडे होते? बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण मोहल्ल्यातल्या एका जाणत्या मुलानं क्रम सांगितला आणि तो उपयोगी पडला.

आधी बॉक्सचं बटण बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग चालू करायचं. रिमोटचे सेल पाहायचे. टीव्ही योग्य इनपुटवर आहे का, बॉक्सची वायर घट्ट आहे का, हे तपासायचं. मग मेनूतून वाहिन्या पुन्हा शोधायच्या. एवढ्यानं भागलं नाही तरच गच्चीवर जायचं. तिथं वायरच्या टोकाची पिन गंजलेली असते, वायरीत पाणी शिरलेलं असतं किंवा वाऱ्यानं नट ढिला होऊन छत्री वळलेली असते. जोराच्या पावसात चित्र गेलं तर कशालाच हात लावायचा नाही. या लहरी पावसाच्या थेंबांत क्षीण होतात, पाऊस ओसरला की चित्र परत येतं. जुन्या बॉक्सवर एमपीईजी-४ च्या वाहिन्या दिसतच नाहीत. त्यासाठी छपरावर चढण्यात अर्थ नाही. आणि ओल्या पत्र्यावर, विजेच्या तारांजवळ मुलांना कधीही चढू द्यायचं नाही.

छत्री फिरवताना बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात. एक सिग्नलच्या ताकदीची, दुसरी गुणवत्तेची. पहिली भरलेली असते, दुसरी शून्यावर, आणि चित्र येत नाही. छत्री केसभर सरकवत दुसरी पट्टी वाढवावी लागते. जुन्या अँटेनाच्या काळी सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमागून माणूस दिसायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ, त्याखाली चौकोन, मग काहीच नाही.

शाळा उघडल्यावर या दोन पट्ट्या आम्हाला वारंवार आठवल्या. एक पाचवीची मुलगी रोज टीव्हीसमोर बसायची. आई विड्या वळता वळता तिच्यावर लक्ष ठेवायची. धडे तिनं चुकवले नव्हते, पण मराठीचं साधं वाक्य तिला वाचता येईना. आवाज पोहोचला होता, अर्थ पोहोचला नव्हता. अशी ती एकटी नव्हती. त्या वर्षी आम्ही अभ्यासक्रमाची घाई बाजूला ठेवली. मराठीचा शब्द, शेजारी त्याचा उर्दू अर्थ, मग वाक्य, असं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. काही मुलं सावरली. काही त्याआधीच कामाला लागली होती. त्यांच्या दारांवर आम्ही नंतरही जात राहिलो.

पालकांशी बोलताना आम्ही आता एक गोष्ट आवर्जून सांगतो. मूल टीव्हीसमोर, मोबाईलसमोर किंवा वर्गात बसलं, एवढ्यावर समाधान मानू नका. संध्याकाळी त्याला विचारा, "आज काय कळलं?" उत्तर आलं नाही तर रागावू नका, शाळेत या. कुठली वायर सुटली आहे ते आपण मिळून पाहू.