छतावरचे हंस

मनुष्य आपल्या घराच्या भिंती सजवतो, उंबरठा सजवतो, सडासंमार्जन झाल्यावर अंगणात रांगोळी रेखतो. परंतु डोक्यावरचे छत मात्र ऊनपावसाचा बंदोबस्त एवढ्याच कामापुरते सोडून देतो. आम्हा फर्दापूरकरांना ही उपेक्षा शोभणारी नाही. कारण गावापासून अवघ्या चार किलोमीटरांवर, वाघूर नदीच्या वळणावरील अर्धचंद्राकार कड्यात, पंधरा शतकांपूर्वीच्या चित्रकारांनी आपल्या प्रतिभेतील सगळा प्रसन्न, लीलामय अंश छतांवरच उधळून ठेवला आहे. अजिंठा म्हटले की लोकांना पद्मपाणी आठवतो आणि तो आठवावा हे योग्यच. पण ज्याला आपले राहते घर आणि परसबाग यांच्या शोभेविषयी काही शिकावयाचे असेल, त्याने पहिल्या, दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यांत मान वर करून उभे राहावे, असे मी आजवर येईल त्याला सांगत आलो आहे.

मान वर करण्याची ही सवय मला आजोबांनी लावली. आमचा मुलूख त्या काळी हैदराबाद संस्थानात होता, लेण्यांची देखरेख संस्थानच्या पुरातत्त्व महकम्याकडे होती आणि त्या महकम्याचे नाझिम गुलाम याझदानी यांचे नाव गावात अदबीने घेतले जाई. आजोबांच्या तरुणपणी, 1909 ते 1911 च्या दरम्यान, लेडी हेरिंगहॅम नावाच्या विदुषी चित्रांच्या नकला उतरवण्यासाठी इकडे आल्या, नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्यासारखे उमेदीचे चित्रकार त्यांच्याबरोबर काम करू लागले आणि त्यांच्या मुक्कामाचे तंबू आमच्या फर्दापुरातच पडले, हे आजोबा असे सांगत की जणू त्या मंडळींच्या पंगतीला तेही बसले होते. लेण्यात शिरल्यावर इतर माणसे भिंतींवरील जातककथा शोधू लागत. आजोबा मात्र माझी हनुवटी धरून वर करीत आणि म्हणत, ‘‘बाळ, आधी वर बघ. कथा भिंतीवर आहे, पण खेळ वर आहे.’’

आणि तो खेळ खरोखरच अपूर्व आहे. कापडाचा चांदवा ताणून बांधावा तसा छताचा आराखडा. मध्यभागी वर्तुळ, त्याभोवती पट्टे आणि उरलेल्या जागेत चौकोनांची शिस्तबद्ध घरे. प्रत्येक घरात मात्र निराळाच संसार मांडलेला: कुठे कमळाच्या देठाचा पीळ, कुठे आंब्याचा घोस, कुठे वेलीत पाय अडकलेला बुटका गण, कुठे कमळांच्या तळ्यातून मुसंडी मारणारा हत्ती, तर कुठे उंच टोप्या आणि पायमोजे घातलेली परदेशी मंडळी मद्याचा पेला हाती घेऊन बसलेली. दुसऱ्या लेण्यात तेवीस हंसांचा एक पट्टा आहे; पक्षी एकच, पण एक मान वळवतो, दुसरा पंख साफ करतो, तिसरा चोच खाली घालतो आणि एकाची ऐट दुसऱ्यात नाही. पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरिणांना मिळून एकच मस्तक कोरले आहे आणि ज्या हरिणाकडे पाहावे, ते मस्तक त्याचेच वाटते. दुसऱ्या लेण्यात हारिती या बालरक्षक देवतेच्या शिल्पाच्या पायथ्याशी तर आख्खी शाळा भरली आहे: पुढची मुले गुरुजींपुढे मान खाली घालून बसलेली आणि मागची खुशाल हुंदडणारी.

बालपणी या सर्वांचा मला केवळ आनंद होता. त्यातील शास्त्र पुढे उमजले. आमचे घर धाब्याचे होते. लाकडी तुळया, त्यांवर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. दर दिवाळीपूर्वी आजी भिंती पोतारून ओसरीच्या भिंतीवर काव आणि चुन्याची नक्षी काढी. तिने लेण्यांतील चित्रे फारशी न्याहाळली असतील असे मला वाटत नाही, तरी तिच्या नक्षीतील बदकांची ओळ आणि वरचे हंस यांचे गोत्र एकच होते. कारण आजीने काय आणि लेण्यांतील चित्रकारांनी काय, आपल्या डोळ्यांसमोरचाच ओढा पाहिला होता. लेण्यांतील रंगांचीही हीच कुळकथा आहे. तांबडा आणि पिवळा रंग गेरूमातीचा, हिरवा या कातळात सापडणाऱ्या खनिजाचा, काळा काजळीचा. दूरदेशाहून, बदख्शानाच्या खाणींतून, आला तो केवळ निळा, म्हणजे राजावर्ताचा. भिंतीवरचा गिलावाही माती, शेण, साळीचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचाच. आपल्या परिसराचे द्रव्य आणि आपल्याच परिसराची दृश्ये यांतून ते वैभव उभे राहिले, परक्याचे दिसले तेही त्या चित्रकारांनी हसतमुखाने एका चौकोनात सामावून घेतले.

पुढे शिक्षणासाठी मुंबईस गेलो असता एका ग्रंथालयात जॉन ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथाचे दोन अवाढव्य खंड माझ्यासमोर आले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे हे अध्यापक 1872 पासून अनेक हंगाम आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येत राहिले. त्यांनी उतरवलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा 1885 साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांच्या वर्षानुवर्षांच्या श्रमाचीही 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत अशीच राख झाली होती. तरीही ग्रिफिथ्स यांनी 1896–97 मध्ये ग्रंथ सिद्ध केला आणि त्याचा दुसरा खंड संपूर्णपणे अलंकरणाला, मुख्यतः छतांवरील चौकोनांना, वाहिला. त्या नकलांवरून मुंबईच्या कलाशाळेतील कुंभारकामाच्या कारखान्यात फुलदाण्या रंगल्या. इकडे औरंगाबादच्या हिमरूवर आणि पैठणीच्या पदरावर अजिंठ्याचे कमळ विणले गेले. विहाराच्या छतावरील कमळ अशा रीतीने माजघरात आणि मंगलकार्यात येऊन पोहोचले, याचा मला फार अभिमान वाटतो.

नोकरीतून निवृत्त होऊन मी गावी परतलो आणि वडिलार्जित जागेवर नवा इमला उभारला, तेव्हा हेच धडे माझ्या उपयोगी पडले. ओसरीच्या छताचे मी दोरीसूताने चौकोन पाडले, ते अंगुळभरही चुकू दिले नाहीत आणि मगच हाती कुंचला घेतला. चौकोनांत हंस नाहीत. आमच्या शिवारातील साळुंक्या, टिटव्या, पळसाची फुले, सीताफळे आणि कापसाची बोंडे आहेत. दुपारी आडवा झालेला माणूस छताकडेच पाहतो, म्हणून ती चित्रे तिथे. आणि रांगणाऱ्या मुलाची दृष्टी गुडघ्याएवढ्या उंचीवर असते, म्हणून हारितीच्या शाळेचे स्मरण ठेवून भिंतीच्या तळाशी एका पट्ट्यात नातवंडांसाठी खोड्या काढणारी पोरे रंगवली. परसात कडुनिंबाला पार बांधला आणि चार दिशांनी चार पायवाटा अशा आणल्या की स्वयंपाकघरातून, गोठ्यातून, विहिरीवरून वा रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला तो पार आपल्याच वाटेच्या शेवटी आहे असे वाटावे. ही युक्ती त्या चार हरिणांची. जनावरांना पाणी पाजण्याची जुनी दगडी डोणी निकामी पडली होती. तिच्या तळाशी गाळाची चिकण माती भरून, दिवसभर ऊन लागेल अशा जागी ठेवून, तीत कमळाचा कंद लावला. वाफे मात्र काटेकोर चौकोनी आखले. बीबीच्या मकबऱ्याच्या चारबागेत मी पाहिले आहे की आखणी जितकी कठोर, तितकी वेलीफुलांची स्वैरता डोळ्यांना अधिक सुखावते.

या साऱ्या सहवासातून माझ्या मनाशी एक सिद्धांत पक्का झाला आहे. लीलेला मोजमापाचा आधार लागतो. चौकट नसेल तर खेळ पसाऱ्यात जातो, आणि चौकटीतला प्रत्येक चौकोन सारखाच रंगवला तर शोभेची जागा कंटाळा घेतो. दुसरे असे की लीलेलाही तिचे उचित स्थान असते: अजिंठ्याच्या चित्रकाराने बोधिसत्त्वाच्या मुखावर थट्टा केली नाही, ती छतावर, स्तंभशीर्षावर, पीठाच्या पायथ्याशी, म्हणजे नजर सहज रेंगाळेल तिथे ठेवली. आणि तिसरे, ज्याला आपल्या अंगणातील साळुंकी दिसत नाही, त्याला परमुलखातील मोर कितीही आणून दिले तरी त्याचे घर सजणार नाही.

म्हणून नवे घर बांधणाऱ्यांना, किंवा जुन्याला रंग देणाऱ्यांना, माझी एवढीच विनंती आहे. बाजारातून नमुन्यांचे कागद आणण्यापूर्वी एक सकाळ आपल्याच परसात बसून काढा. तिथे काय उगवते, काय उडते, मुले कुठे खेळतात, म्हातारी माणसे कुठे पहुडतात, ते पाहा. मग दोरी धरून चौकोन आखा आणि त्यांत आपल्या गावचे काहीतरी रंगवा. आणि अजिंठ्याला याल, तेव्हा पद्मपाणीला वंदन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका, वर बघा.