एमएच १९

आधी तिची अंगकाठी सांगतो. मोटरसायकलच्या मागे बसणारी ही नंबरची पाटी वीस सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच, ॲल्युमिनियमची, कोपरे गोल. डाव्या बाजूला वर चकाकणारं निळं अशोकचक्र, खाली लेसरने कोरलेला तिचा स्वतःचा क्रमांक. मधली काळी अक्षरं उठावाची, बोटाला लागणारी. डोळे जवळ नेले तर त्या काळ्यावर तिरपं, बारीक ‘इंडिया’ दिसतं. स्क्रूने ती बसत नाही. तिचं कुलूप एकदा लागलं की तोडल्याशिवाय सुटत नाही.

खान्देशात गाडी घ्यायची ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाही तर दसऱ्याला. हार, नारळ, पेढे सगळं जागेवर असतं, धुळ्यात असाल तर एकविरा देवीकडे जायचंही ठरलेलं असतं, तरी भेटेल तो विचारतो, “नंबर उना का?”, म्हणजे आला का? नोंदणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा कायदा आहे. म्हणून जाणती माणसं मुहूर्ताच्या आठवडाभर आधीच कागद आणि पैसे देऊन ठेवतात.

पैसे थोडे नसतात. सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलला किमतीच्या ११ टक्के कर. लाखाच्या गाडीला ११ हजार, तेही एकरकमी. कपाशीच्या किंवा केळीच्या पट्टीतून ही रक्कम बाजूला काढताना बापाचा हात क्षणभर थांबतो, हे मी पाहिलंय. नोंदणी १५ वर्षांची. एवढं सगळं भरून मिळालेल्या या पाटीवर रुपयाचा उल्लेख नाही, मालकाचं नाव नाही. मला तिचा हाच गुण आवडतो: लाखाच्या गाडीला आणि वीस लाखांच्या गाडीला ती एकाच ठशात लिहिते.

पूर्वी असं नव्हतं. पेंटर ४१४१ असा वळवायचा की ‘दादा’ वाचलं जावं. हात सुरेख होते त्या लोकांचे. पण धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर ज्याला वाचता आला नाही, त्याला त्या सुरेखपणाचा काय उपयोग? १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ही एकसारखी पाटी सक्तीची झाली, ते बरंच झालं.

तिच्यात आमचा नकाशाही आहे. १९०६ साली एका खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आज पश्चिमेच्या धुळ्याला १८, पूर्वेच्या जळगावला १९, म्हणजे आकड्यांतही शेजारीच. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारला मात्र ३९ मिळाला. पुण्यात सिग्नलला पुढच्या गाडीवर १९ दिसला की आमचा माणूस काच खाली करून अहिराणीत हाक मारतोच. गाडी पुण्याच्या माणसाला विकली तरी नंबर तोच राहतो.

सुरतेला मात्र तो टिकत नाही. कामासाठी तिकडे गेलेली आमची कितीतरी घरं आहेत. परराज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जळगावहून ना हरकत दाखला आणायचा, तिकडचा कर भरायचा, इकडच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. मग ते कुलूप तोडतात आणि एमएच १९ च्या जागी जीजे ०५ बसतो.